गोऱ्ह्याची माय

वसमतहून एका आईचं पत्र आलं आहे. थोडं आखडून देते.

"माझा मुलगा सात वर्षांचा आहे, दुसरीत शिकतो. अभ्यासात बरा आहे, पण फार अबोल. गल्लीतली पोरं क्रिकेट खेळतात, हा त्यांच्यात जात नाही. शाळेतून आला की आजीजवळ बसतो. सासूबाई गोधड्या शिवतात. हा सुईत दोरा ओवून देतो, ठिगळं मांडून बघतो, आता स्वतःही टाके घालायला लागलाय. आमचे हे मोंढ्यात अडतीवर मुनीम आहेत, त्यांना यात काही वाटत नाही. पण धाकटे दीर आणि पाहुणेरावळे हसतात. मागच्या महिन्यात एका वरातीत सगळ्यांनी त्याला नाच नाच म्हणून ओढलं, तो माझ्यामागं लपला. तेव्हा एकानं चारचौघांत 'बायल्या' म्हटलं. तेव्हापासून तो आजीजवळ बसतो तेही दार लोटून. मैत्रीण म्हणाली, 'तू आहेस तसा राहा' असं शिकवणारी मुलांची चित्रांची पुस्तकं मिळतात. एक आणलं, वाचून दाखवलं. यातून काय शिकलास म्हणून विचारलं तर म्हणाला, 'नेहमी खरं बोलावं.' गोष्टीत तर खऱ्याखोट्याचं काहीच नव्हतं! कोणती पुस्तकं वाचून दाखवू, म्हणजे तो धीट होईल आणि पोरांत मिसळेल?"

ताई,

'नेहमी खरं बोलावं' हे तुमच्या लेकराचं उत्तर मी तीन-चार वेळा वाचलं. हिंगोली अजून परभणी जिल्ह्यातच होती तेव्हापासून मी त्या भागातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं आहे, त्यामुळं हे उत्तर माझ्या चांगलं ओळखीचं आहे. गोष्ट सशाची असो की राजाची, 'काय शिकलात?' म्हटलं की पुढच्या ओळीतून हेच येतं. नाहीतर 'गर्व करू नये'. नाहीतर 'आईवडिलांचं ऐकावं'. लेकरू गोष्टीतल्या कुठल्या तरी कोपऱ्यात रमलेलं असतं. आपण मध्येच तात्पर्य मागतो. मग ते, पूर्वी कुठंतरी चाललेलं एक उत्तर काढून आपल्या हातावर ठेवतं आणि मोकळं होतं. तुमच्या मुलाला गोष्ट कळली नाही असं मुळीच समजू नका. त्याला गोष्टीतलं काय आवडलं ते त्यानं तुम्हाला दिलं नाही, स्वतःजवळ ठेवलं. ते त्याच्याजवळच राहू द्या.

आता थोडं अवघड बोलते. तुम्ही पुस्तक मागता आहात 'तू आहेस तसा राहा' म्हणणारं, आणि पत्राच्या शेवटी लिहिता की त्यानं धीट व्हावं, पोरांत मिसळावं. मग पुस्तक तोंडानं म्हणणार 'आहेस तसा राहा' आणि वाचणाऱ्या आईचे डोळे म्हणणार 'जरा बदल की रे'. सात वर्षांचं लेकरू यातलं डोळ्यांचंच ऐकतं. तुम्हाला दोष देत नाही. तुमच्या जागी कुणीही आई काळजीच करील. माझ्याही हातून हे झालंय. वर्णनात्मक नोंदी लिहायच्या असत तेव्हा तिसरीतल्या एका मुलीपुढं मी लिहिलं होतं, 'अबोल आहे, सुधारणा आवश्यक.' ती मुलगी मधल्या सुट्टीत शाळेच्या भिंतीला टेकून मुंग्यांची रांग बघत बसायची, आणि कुठल्या बिळातून निघून कुठल्या बिळात जाते ते तिला पक्कं ठाऊक असायचं. ते मी नोंदीत लिहिलं नाही. तिच्या वडिलांनी ती नोंद वाचली आणि घरी तिला 'बोल, बोल' म्हणून बसवून ठेवलं, हे मला नंतर कळलं. त्याचं वाईट मला आजही वाटतं.

म्हणून पुस्तकांच्या नावांआधी एका गोऱ्ह्याची गोष्ट सांगते. ती मुलासाठी आहे, पण आधी तुमच्यासाठी.

1936 साली अमेरिकेत एक चित्रांचं पुस्तक निघालं. लिहिणारे मन्रो लीफ, चित्रं काढणारे रॉबर्ट लॉसन. चित्रं नुसती काळ्या शाईची, रंग नाही. गोष्ट स्पेनमधली. फर्डिनांड नावाचा एक गोऱ्हा असतो. बाकीचे गोऱ्हे दिवसभर उड्या मारतात, एकमेकांना ढुशा देतात. फर्डिनांडला मात्र एका झाडाखाली बसून फुलांचा वास घेत राहायला आवडतं. ते झाड म्हणजे ज्याच्या सालीची बाटल्यांची बुचं करतात ते. आपल्याकडं पांढऱ्या, सुवासिक फुलांचं बुचाचं झाड असतं ते वेगळं. चित्रकारानं गंमत अशी केलीय की झाडाला फळांच्या जागी चक्क बाटलीची बुचं लटकवलीत. शब्दांत हे कुठंच नाही. बघणाऱ्या लेकराला तेवढं सापडतं, आणि वाचणाऱ्या मोठ्या माणसाच्या नजरेतून हमखास सुटतं.

तर त्याच्या मायला काळजी लागते, की हा एकटा पडेल. ती जाऊन विचारते, बाळा, तू काहून त्या पोरांत खेळत नाहीस? तो म्हणतो, मला इथंच बरं वाटतं, इथं गुपचूप बसून फुलांचा वास घेता येतो. माय बघते. तिच्या ध्यानात येतं की तो एकटा आहे, पण त्याला एकटं वाटत नाही. आणि ती त्याला तिथंच बसू देते.

पुढं गोष्ट बरीच आहे. झुंजीसाठी सगळ्यांत रागीट बैल निवडायला पाच माणसं येतात. त्याच वेळी फर्डिनांड नेमका एका भुंग्यावर बसतो, भुंगा डसतो, आणि तो असा उधळतो की माणसं म्हणतात, हाच! माद्रिदच्या झुंजीच्या मैदानात त्याला गाजावाजा करून आणतात. तो मैदानाच्या मधोमध जातो, बघायला आलेल्या बायकांच्या केसांतल्या फुलांचा वास येतो, आणि तिथंच बसकण मारतो. कितीही डिवचलं तरी लढत नाही. शेवटी त्याला घरी आणून सोडावं लागतं, त्याच झाडाखाली.

एका वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी मी ही गोष्ट दुसरीच्या वर्गात तोंडी सांगितली. पुस्तक जवळ नव्हतं, फळ्यावर खडूनं एक गोऱ्हा काढला होता. गोष्ट संपल्यावर काही विचारलं नाही. तास संपला होता म्हणून विचारायचं राहिलं, खरं कारण तेवढंच. पोळा झाला, सुट्टी झाली. चौथ्या दिवशी एक पोरगं शाळेच्या हापशावर माझ्याजवळ आलं आणि म्हणालं, "बाई, त्या गोऱ्ह्याची माय लई चांगली होती." एवढं बोलून पाणी पिऊन पळालं. मैदान, झुंज, भुंगा, सगळं सोडून त्याच्या मनात राहिली ती माय. मी सत्तर प्रश्न विचारले असते तरी हे उत्तर मला मिळालं नसतं.

ताई, त्या मायनं एक नेमकं काम केलं. तिनं आधी विचारलं, मग उत्तर ऐकलं, मग डोळ्यांनी पाहिलं की हा सुखात आहे का. तुम्हीही एवढं पाहा. आजीजवळ बसलेला असताना त्याचे खांदे सैल असतात का? गुणगुणतो का? ठिगळ कुठलं लावायचं यावर आजीशी भांडतो का? तसं असेल तर तो एकटा नाही, त्याला त्याची जागा सापडली आहे. मात्र दार लोटून बसणं हे नवीन आहे आणि ते त्या वरातीनंतरचं आहे. म्हणजे दुखणं गोधडीचं नाही, त्या एका शब्दाचं आहे. शाळेतही कुणी हा शब्द वापरतंय का ते वर्गशिक्षकांना भेटून विचारा. जेवण तुटलं, शाळेत जायलाच नको म्हणू लागला, झोपेत दचकू लागला, तर मात्र वाट पाहू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आता पुस्तकं. आधी एक सावधगिरी. 'आहेस तसा राहा' म्हणून जी गोष्ट आपल्याकडं सगळ्यांत आधी सांगितली जाते ती कुरूप वेड्या पिलाची. अँडरसनची 1843 सालची गोष्ट. गदिमांच्या गाण्यामुळं ती मराठी घराघरांत गेली. मला ते गाणं जिवापाड आवडतं. पण तुमच्या मुलासाठी ही गोष्ट मी पहिली निवडणार नाही. कारण त्या पिलाचं भलं होतं ते राजहंस निघाल्यामुळं. समजा ते बदकच निघालं असतं, जरा वेगळ्या रंगाचं साधं बदक, तर? मग हसणाऱ्यांचं बरोबर होतं का? हसणाऱ्यांचं चुकलं ते तो राजहंस होता म्हणून नाही, हे ती गोष्ट सांगत नाही.

आणि हाच फास घरातही असतो. मुलाची बाजू घेताना प्रेमाची माणसं म्हणतात, "शिवू द्या हो, पुढं मोठा फॅशन डिझायनर होईल, लाखांनी कमावेल." बोलणाऱ्याचं मन चांगलं असतं. पण लेकराच्या कानावर पडतं ते असं, की मोठा डिझायनर झालास तर तुझं शिवणं माफ. सात वर्षांच्या पोरानं गोधडी शिवावी ती त्याला शिवावीशी वाटते म्हणून, आणि पुढच्या वर्षी सुई टाकून पतंग उडवायला गेला तरी तो तुमचाच. त्याच्या आवडीला लातूर पॅटर्न लावू नका.

तुमच्या मुलासाठी माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती एल्मरची. डेव्हिड मॅकी या इंग्रज चित्रकाराचं हे पुस्तक, 1968 सालचं. सगळे हत्ती हत्तीच्या रंगाचे, आणि एल्मर मात्र पिवळा, केशरी, लाल, गुलाबी, जांभळा, निळा, हिरवा, काळा, पांढरा, सगळ्या रंगांच्या चौकोनी ठिगळांचा. थेट गोधडी! तुमचं लेकरू ते चित्र बघून काय करेल ते मला इथं बसून दिसतंय. एल्मर सगळ्यांना हसवतो. पण एका रात्री त्याच्या मनात येतं, की हे माझ्या रंगाला तर हसत नाहीत ना? पहाटे तो कुणाला न सांगता निघतो, हत्तीच्या रंगाच्या फळांचं झुडूप शोधतो, फळं खाली पाडतो आणि त्यांत लोळून लोळून करडा होतो. मग कळपात येऊन उभा राहतो. कुणी ओळखत नाही. पण सगळे कसे गप्प, गंभीर उभे. त्याला हसू आवरत नाही आणि तो जोरात ओरडतो. सगळे दचकून पडतात, मग हसत सुटतात, की हा तर एल्मर! तेवढ्यात पाऊस येतो, रंग धुऊन जातो, ठिगळं परत दिसायला लागतात.

यात मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते फळांत लोळणं. एल्मर लपतो. आणि पुस्तक त्याला त्याबद्दल एका शब्दानंही रागवत नाही. दार लोटून बसणाऱ्या पोराला हे ऐकायला मिळणं फार गरजेचं आहे, की लपावंसं वाटतं, एवढ्या मोठ्या हत्तीलाही वाटतं.

ही दोन्ही इंग्रजीतली पुस्तकं. मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर अडू नका. गोष्ट तुम्हाला आता माहीत आहे. आजी आणि नातू गोधडी घालून बसले असतील तेव्हा तुम्ही भाजी निवडत तिथं बसा आणि सांगा. डोळे त्याच्याकडं नकोत, भाजीकडं असू द्या.

मराठीत माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं आधी आणा. शब्द त्यांचे, चित्रंही त्यांचीच. 'राधाचं घर' या संचात राधा आपल्या घरातल्या माणसांविषयी सांगते, 'यश'च्या पुस्तकांत एका लहान मुलाचं रोजचं जगणं आहे. यांत कुणी कुणाला 'स्वतःसारखा राहा' असं बजावत नाही. माणसं आपापल्या तऱ्हेनं घरात वावरत असतात, बस. पण त्यामुळंच लेकराला कळतं की घरात वेगवेगळ्या तऱ्हेची माणसं मावतात. साहित्य अकादमीनं 2014 साली त्यांना बालसाहित्य पुरस्कार दिला. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाकडं त्यांची बरीच पुस्तकं मिळतात. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातली मराठी पुस्तकं खिशाला परवडतात. आणि पैसे अजिबात खर्चायचे नसतील तर प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' आहे. 2015 सालापासून ते इंटरनेटवर आहे, मराठी चित्रपुस्तकं भरपूर, फुकट, आणि परवाना खुला असल्यानं छापूनही घेता येतात. मोंढ्याजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून काळ्या-पांढऱ्यात काढून आणा, रंग तो स्वतः भरेल. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावरही मुलांची मराठी पुस्तकं मोफत आहेत. शाळेत पुस्तकांचं कपाट असेलच. 'फाटतील' म्हणून त्याला कुलूप असेल तर किल्ली मागा. पुस्तक फाटलं तर तुमच्या घरी शिवणारे दोघं आहेत.

वाचताना एक करा. छापील मराठी जशीच्या तशी वाचू नका. पुस्तकात 'का' असेल तिथं तुमच्या तोंडात 'काहून' येत असेल तर 'काहून'च म्हणा. 'खूप'च्या जागी 'लई' म्हणा. आपल्या भागातल्या कितीतरी लेकरांना शाळेत गेल्या गेल्या कळतं की आपली भाषा 'अशुद्ध' आहे, आणि मग ती बोलणंच कमी करतात. अबोल मुलांमधली काही अशी झालेली असतात. तुमचा त्यातला आहे की नाही हे मी इथून सांगू शकत नाही. पण गोऱ्ह्याची माय आजीसारखी बोलते हे ऐकून त्याचं काही वाईट होणार नाही.

पुस्तक त्याच्या हातात द्या, पान त्याला उलटू द्या. एका पानावर पाच मिनिटं थांबला तर थांबा. आणि संपल्यावर काही विचारू नका. फारच राहवलं नाही तर तुम्हाला काय आवडलं ते सांगा, "मला बाई ते बुचांचं झाड लई आवडलं," आणि उठून कामाला लागा.

राहिले तुमचे दीर. पुस्तकांपेक्षा हे काम मोठं आहे, आणि ते तुमचं आणि त्याच्या वडिलांचं आहे. मुनीमसाहेबांना 'काही वाटत नाही' असं तुम्ही लिहिलंय. ते पुरेसं नाही. त्यांना काही वाटत नाही हे लेकराला कसं कळणार? त्यांनी एका संध्याकाळी आईजवळ टेकावं आणि चार टाके घालून बघावेत. वाकडे पडतील, पोरगं दुरुस्त करून देईल. आणि पुन्हा कुणी हसलं तर तिथंच, त्याच्या देखत, आवाज न चढवता म्हणावं, "तो गोधडी शिवतोय. मलाही शिकवतोय." पुढं वाद नको. पाहुणे गेल्यावर दिरांना एकट्यात सांगा की त्या शब्दात शिवी आहे ती बाईपणाची. तो शब्द लेकराला लागला, आणि शेजारी बसलेल्या तुमच्या सासूबाईंनाही लागला. ज्यांच्या गोधड्या पांघरून हे सगळे मोठे झाले, त्यांचं काम हलकं ठरलं. दिरांना आणखी काही ऐकायचं असेल तर संत नामदेवांची नर्सी तुमच्याच जिल्ह्यात आहे, आणि नामदेव महाराज शिंप्याच्या घरातले. पण ही फोड दिरांपुढं करा. मुलापुढं नको, नाहीतर त्याला परत राजहंस व्हायचं ओझं.

शेवटचं एक, करून बघावंसं वाटलं तर. सासूबाईंना विचारा, या गोधडीत कुठलं ठिगळ कुणाचं आहे. त्यांना सगळं आठवत असेल. हे माझ्या माहेरच्या लुगड्याचं, हा तुझ्या बाच्या शाळेचा सदरा, ही तुझी झबली. तुम्ही लिहून घ्या, त्यांच्याच शब्दांत. घरात जुन्या लग्नपत्रिका पडलेल्या असतीलच, त्यांच्या कोऱ्या बाजूला एकेका पानावर एकेक ठिगळ चिकटवा, खाली आजीचं वाक्य. चित्रं त्यानं काढावीत. पानं मधोमध दुमडून घडीवर सुईदोऱ्यानं टाके घातले की पुस्तक तयार. ते टाके कसे घालायचे हे घरात त्याच्याइतकं आणि आजीइतकं कुणाला येणार? तुम्हाला त्याच्याकडूनच शिकावं लागेल.

मग मला लिहा. पहिल्या पानावर कुणाचं ठिगळ घेतलं तेही कळवा.